पाण्यानं सुकलेला मळा

पाऊस नाही आणि नवा जिल्हा होणार, या दोन गोष्टी एकाच वेळी कानावर आल्या की माझा गोंधळ उडतो. यंदा तसंच झालं आहे. मृग कोरडा गेला, आर्द्राही निघून चालल्या. नांदेडच्या आमच्या गल्लीत बायका दुपारी घागरी ओळीनं मांडून टँकरची वाट बघत बसतात. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तिथंच उभं राहून सांगतात, की आता उदगीरचा वेगळा जिल्हा होणार म्हणे. बायका विचारतात, "मग पाणी येईल का?" मास्तर म्हणतात, "जिल्ह्याचा आणि पाण्याचा काय संबंध?"

माझ्या मनात या दोन गोष्टींचा संबंध आहे. तो काय आहे, हे मात्र चाळीस वर्षांत मला नीट सांगता आलेलं नाही.

माझं माहेर लोह्याच्या बाजूचं. लग्न होऊन मी उदगीरच्या अलीकडच्या एका गावात गेले, तेव्हा लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. माहेराहून वडिलांचं पहिलं पत्र आलं. पाकिटावर आधी 'जि. उस्मानाबाद' लिहून खोडलेलं, वर 'जि. लातूर' लिहिलेलं, तेही खोडून शेजारी पुन्हा 'उस्मानाबाद'. पत्र आलं मात्र बरोबर. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते पाकीट बराच वेळ उलटंपालटं करून पाहिलं.

"माझा जन्म बिदर जिल्ह्यातला," ते म्हणाले. "लेकरं झाली उस्मानाबाद जिल्ह्यात. आता मरन लातूर जिल्ह्यात. आन घर हेच. ह्याच खांबाला टेकून बसलोय मी."

चुलीपुढून आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "मंग आपून गेलाव कुठं म्हनायचं?"

"कुठंच न्हाई."

"मंग पत्ता कामून बदलला?"

मामंजी उठून मळ्यात गेले. उत्तर नसलं की ते मळ्यातच जात.

तो मळा पानांचा होता. विड्याच्या पानांचा. आमच्या भागात असे मळे थोडे. ज्वारी, तूर, करडी यांच्या उघड्या काळ्या रानात हा एकच हिरवा चौकोन, जणू कुणी दुसऱ्या मुलखातून उचलून आणून ठेवलेला. शेवरीची उंच बारीक झाडं ओळीनं लावलेली, त्यांच्या अंगावर नागवेली चढलेल्या, आणि मधून एका माणसापुरती वाट. उन्हातून आत पाऊल टाकलं की आधी काही दिसत नसे. मग हळूहळू हिरवा उजेड दिसू लागे. ओल्या मातीचा, किंचित तिखट असा वास येई. बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत असली तरी आत पानं फक्त एवढीशी हलत. पाय गार पडत. पाय उघडेच असत, कारण मळ्यात चप्पल घालून जायचं नाही, असा नियम होता.

नियम आणखीही होते. आत मोठ्यानं बोलायचं नाही, खोकला आला तर बाहेर यायचं. आणि बाईमाणसानं त्या चार दिवसांत आत पाय टाकायचा नाही. वेल कोवळी असते, तिला तशा बाईची सावली सोसत नाही, म्हणे.

या शेवटच्या नियमानं मी पहिल्या महिन्यातच चक्रावले. आम्ही लिंगायत. आमच्यात विटाळ पाळत नाहीत. माहेरी तर नव्हताच, सासरीही नव्हता. गळ्यातल्या लिंगाची पूजा रोज व्हायची, त्या चार दिवसांतही चुकायची नाही. चुलीला शिवायचं, पाणी भरायचं, देवासमोर बसायचं, सगळं चालायचं. फक्त मळ्यात जायचं नाही. देवाला चालतं आणि वेलीला चालत नाही, हे कसं? मी एकदा आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "देव जानतो. वेल अजान हाय." त्या वेळी ते मला पटलं होतं.

माझे यजमान लातूरला शाळेत शिक्षक होते, ते शनिवारी येत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जात. बाकी दिवस घरात आम्ही तिघंच. मामंजी, आत्याबाई आणि मी.

त्या साली पाऊस आला नाही. म्हणजे आला, पण कुणाकडे तरी चाललेला पाहुणा वाटेत आपल्या दारात पाणी प्यायला थांबावा, तसा आला. पोळ्यापर्यंत ज्वारीची धाटं पिवळी पडली. विहिरीत उतरायच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडू लागल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सात दिसत होत्या. नंतर मोजणं सोडून दिलं. इंजन सकाळी थोडा वेळ चाले, मग खरखरून हवा ओढू लागे. गावानं टँकर मागितला. गावची माणसं कचेरीत जाऊन आली. जुन्या ठिकाणी सांगितलं, तुम्ही आता आमचे नाहीत. नव्या ठिकाणी सांगितलं, तुमचे कागद अजून आमच्याकडं आलेले नाहीत. मधल्या दिवसांत आम्ही कुणाचेच नव्हतो.

गावाखाली एक कुंटा होता, पावसाचं पाणी साठणारा छोटा तलाव. त्यात हिरवट, दाटसर पाणी उरलं होतं. ढोरं तेच पीत. मामंजींनी बैलगाडीवर पत्र्याचं पिंप बांधलं आणि ते पाणी मळ्याला आणायला सुरुवात केली. पिंपातून बादलीनं, बादलीतून घागरीनं, एकेका वेलीच्या बुडाशी. मीही घागरी वाहिल्या. खांद्यावर घट्टे पडले. पण मला ते काम आवडायचं, हे आज कबूल करते. घरातल्या पत्र्याखाली दुपारी जीव नकोसा व्हायचा. मळ्यात काम असलं की आत जायला मिळायचं.

दसऱ्याच्या आसपास खालच्या कोपऱ्यातल्या वेली मान टाकू लागल्या.

आधी दुपारीच टाकायच्या. सकाळी पुन्हा ताठ. मग सकाळीही पानं लोंबकळलेली दिसू लागली. त्यांची झळाळी गेली, रंग मळका पिवळा झाला. आपण दिवसभर उन्हात चालून आल्यावर आपला चेहरा जसा होतो, तशी पानं दिसत. पाहणाऱ्या कुणालाही वाटावं, की यांना तहान लागली आहे. मामंजींनाही तेच वाटलं. मलाही. सगळा मुलूख तहानेनं मान टाकत होता, तिथं वेलींचं वेगळं काय असणार?

"वाढवा पानी," मामंजी म्हणाले. "खालच्या अंगाला दुप्पट घाला."

आम्ही दुप्पट घातलं. आमची आंघोळ एका तांब्यावर आली, भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, पण खालच्या कोपऱ्यातल्या वेलींना दोन-दोन घागरी. पाणी तिथं साचून राही, कारण जमिनीचा उतार तिकडंच होता. बुडाशी चिखल, वर सुकलेली पानं. आठ दिवसांत दुसरी ओळ गेली. मग तिसरी. आम्ही पाणी घेऊन पुढं जावं तसं ते मरण आमच्या पुढं एक ओळ चाले.

याच दिवसांत कधीतरी मी ते केलं.

दुपारची वेळ होती. आत्याबाई निजल्या होत्या, मामंजी कुंट्यावर गाडी घेऊन गेलेले. माझा दुसरा दिवस होता, ओटीपोटात कळा येत होत्या, आणि पत्रा असा तापलेला की खाली बसलं तरी डोक्यावर कुणी तवा धरल्यासारखं वाटे. मी मागच्या दारी आले. समोर मळा. मी चप्पल काढली. एवढं मात्र केलं. आणि आत गेले.

फार आत नाही. खालच्या कोपऱ्यातून, जिथं वेली सुकल्या होत्या तिथून शिरले, म्हणजे कुणी पाहणार नाही. तिथला चिखल पायांना लागला. तशीच चालत वरच्या अंगाला गेले, जिथं सगळं अजून हिरवं होतं, आणि एका शेवरीला पाठ लावून मातीत बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. एक पान माझ्या गालाला लागत होतं. आईचा हात लागावा तसं, असं लिहायला सोपं आहे, पण तसं नव्हतं. पान पानासारखंच लागत होतं, गार आणि थोडं जाड. मला रडू आलं आणि मग थोड्या वेळानं कळा थांबल्या. मी उठून घरी आले, पाय धुतले आणि पीठ मळायला घेतलं.

पुढच्या पंधरवड्यात वरच्या अंगाच्या वेलींनी मान टाकायला सुरुवात केली.

मी कुणाला काही बोलले नाही. पण रोज सकाळी उठून मागच्या दारी यायचं, मळ्याकडं बघायचं आणि मी जिथं बसले होते ती शेवरी शोधायची, हा मला नादच लागला. एका सकाळी तिच्या अंगावरची वेलही सुकलेली दिसली. मी शिकलेली होते, मॅट्रिकपर्यंत. आमच्यात विटाळ नाही हे मला पाठ होतं. तरी मनाचं एक दार असं असतं, की तिथून काय आत येतं ते आपल्या शिक्षणाला विचारून येत नाही.

एका संध्याकाळी भाकरी थापताना आत्याबाईंनी वर न बघता विचारलं, "तू मळ्यात गेलतीस का गं, तुझ्या दिवसांत?"

"न्हाई," मी म्हणाले.

इतक्या लवकर म्हणाले, की ते खोटं आहे हे चुलीलासुद्धा कळलं असेल. आत्याबाईंनी भाकरी उलटली.

पुढच्या शनिवारी यजमान लातूरहून आले ते एका माणसाला घेऊन. शेतकी खात्यातले साहेब होते, तरुण, चष्मेवाले, नव्या जिल्ह्यात नुकतीच बदली होऊन आलेले. त्यांनी बूट बाहेर काढले, हे मामंजींना आवडलं. खालच्या कोपऱ्यात जाऊन ते उकिडवे बसले, एका मेल्या वेलीच्या बुडाशी बोटांनी माती उकरली आणि मूळ वर काढलं. मूळ काळं पडलं होतं. त्यांनी दोन बोटांत धरून ओढलं तशी त्याची साल ओल्या पायमोज्यासारखी सुटून आली, आणि हातात राहिला नुसता एक दोरा. वास आला, साचलेल्या पाण्याचा, कुजका.

"मूळकूज आहे ही," साहेब म्हणाले. "वेलीला पाणी कमी पडलेलं नाही. पाणी जास्त झालंय."

मामंजींनी मळ्याच्या कडेनं पलीकडच्या रानाकडं पाहिलं. तिथं भेगा अशा पडल्या होत्या, की हात कोपरापर्यंत जावा.

"साहेब," ते हळू म्हणाले, "दुष्काळ हाय. पानी जास्त कुठून होईल?"

"गावात दुष्काळ आहे. इथं, या मुळापाशी, पूर आहे. ही कूज एका बुरशीनं होते, ती पाण्यातून चालते. एका वेलीकडून दुसरीकडं पाण्याबरोबर जाते. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत. पाण्यात उभी राहून वेल तहानेनं मरते. तुम्हाला वरून तहान दिसते, तुम्ही आणखी पाणी घालता."

"मंग पानी बंद करू?"

"खालच्या अंगाचं तर एकदम बंद. आजारी वेली मुळासकट काढून जाळा. उरलेल्यांच्या बुडाशी मोरचूद आणि चुन्याचं पाणी घाला, किती आणि कसं ते लिहून देतो. कुंट्यातलं पाणी आणू नका. आणि एक." साहेब उठले, तळपायाचा चिखल त्यांनी ढेकळावर घासला. "ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तसंच चालत जाऊ नका. पायाच्या चिखलातूनही हे जातं."

मी दाराशी उभी होते. मी माझ्या पायांकडं पाहिलं.

आत्याबाईंनी पदर सावरला आणि विचारलं, "साहेब, बाईचा विटाळ लागून असं होतं का?"

साहेबांचे कान लाल झाले. "नाही हो. तसं काही शास्त्रात नाही."

"न्हाई ना? मंग आलं कुठून?"

"ते सांगता येत नाही. यंदा बाहेरून बेणं आणलं होतं?"

"आनलं होतं," मामंजी म्हणाले. "मेव्हन्याच्या मळ्यातून. चार ओळी."

"मग त्यातून असेल. नाहीतर कुंट्याच्या पाण्यातून. नाहीतर आधीपासूनच मातीत असेल, आणि यंदा आधी कोरडं, मग एकदम ओलं झाल्यानं उठलं असेल. कशातूनही असू शकतं."

कशातूनही. हा शब्द घेऊन मी किती वर्षं फिरले! साहेबांनी माझ्या विटाळावर फुली मारली आणि त्याच बैठकीत माझ्या पायांवर बोट ठेवलं. मी सुटले की सापडले?

माझी मुलगी वनस्पतिशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी ती मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली होती. तिथं कुणा विद्यार्थ्यानं हळदीच्या कुजलेल्या गड्ड्यावरून अशीच कूज वाढवली होती. तिनं मला सूक्ष्मदर्शकावर डोळा लावायला सांगितलं. आधी नुसतं पांढुरकं धुकं. मग तिनं चाक फिरवलं, आणि त्या धुक्यात कण दिसू लागले. बारीक, पाणीदार, आणि सगळे पळत होते. गिरक्या घेत, थबकत, पुन्हा पळत.

"हे काय आहे गं?"

"बीजाणू. पोहतायत. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात, इथं दिसत नाहीत एवढंच. मुळाला जो वास असतो ना, त्याच्या मागावर जातात. मुळापाशी पोचले की शेपट्या गळतात आणि तिथंच रुजतात."

"आमच्याकडं आलेले साहेब बुरशी म्हणाले होते."

"तेव्हा सगळे बुरशीच म्हणायचे. दिसते बुरशीसारखी, वागते बुरशीसारखी, पण ती बुरशी नाही, आई. नात्यानं शेवाळाजवळची आहे. पाण्याची बुरशी म्हणतात, पण नावापुरतंच."

म्हणजे ती जी आहे ती नाहीच! दिसते एक आणि असते दुसरीच. तहानेसारखी दिसते आणि पुरासारखी असते. मी पुन्हा डोळा लावला. तिनं मुळाचा एक बारीक तुकडा त्या थेंबात सोडला होता आणि ते कण चहूकडून त्याच्याकडं येत होते, जत्रेच्या मैदानात देवळाचा दरवाजा उघडावा तसे. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी तो शोधत राहिले, पण मिळेना. ते सुंदर होते. त्यांना भूक होती, आणि पाणी मिळालं होतं, म्हणून ते निघाले होते. मी बाजूला झाले तेव्हा मुलीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "डोळ्यात पाणी आलं, एकटक बघून." तेही अर्धंच खरं होतं.

पण मला मामंजींबद्दल सांगायचं आहे.

साहेब गेल्यावर मामंजींनी सगळं ऐकलं तसं केलं. खालच्या चार ओळी काढल्या, जाळल्या. ओल्या वेलींचा धूर दिवसभर घरात भरून राहिला, सगळ्या घराला विड्याचा वास. मोरचूद आणि चुना कालवून निळं पाणी केलं आणि ते बुडाशी घातलं. कुंट्याची फेरी बंद झाली. बैल दावणीला उभे. वरच्या अंगाच्या अर्ध्या वेली अजून जिवंत होत्या, आणि साहेबांनी सांगितलं होतं, की यांना हात आखडून पाणी द्या, माती वर-वर कोरडी दिसली तरी घाबरू नका.

एक दिवस फटफटताना मी मागच्या दारी आले तर मळ्यात काही हललं. मामंजी होते. त्यांच्या हातात पूजेचा तांब्या होता. एका वेलीपाशी वाकायचे, थोडं पाणी घालायचे, बुडाशी हात ठेवायचे, मग पुढची वेल. त्यांच्या वाटणीचं आंघोळीचं पाणी होतं ते. मी पुढं झाले.

"मामंजी, साहेब न्हाई म्हनले होते ना?"

ते दचकले. मग म्हणाले, "मालूम हाय मला." तांब्या तसाच हातात धरून म्हणाले, "पन ती मान टाकून उभी हाय माझ्यासमोर. तहानलेल्याला पानी न्हाई कसं म्हनायचं? साहेब लातूरला गेला. वेल माझ्यापुढं उभी हाय."

"त्यानंच मरते म्हनले ते."

"पान्यानं कुनी मरतं का, पोरी? ह्या सालात?"

मी कुणाला सांगितलं नाही. रोज पहाटे तो तांब्या जात राहिला आणि मी उंबऱ्यावरून बघत राहिले. सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर वेली वाचल्या असत्या का? ते मूठभर पाणी, त्यानं काही बिघडलं, की जे व्हायचं ते आधीच मातीत झालं होतं? मुलीला विचारलं तर ती म्हणते, एवढ्याशा पाण्यानं फार फरक पडत नाही, आई. मग थोडा विचार करून म्हणते, पण सांगता येत नाही.

संक्रांतीपर्यंत मळा संपला. एकेक करून सगळ्या वेलींनी मान टाकली, आणि शेवरीची झाडं उघडी पडली, नुसते बांबू उभे केल्यासारखी. मामंजी घरात खांबाला टेकून बसू लागले. जेवायला बोलावलं की येत, बोलावलं नाही तर तसेच बसून राहत. शेजारच्या गावचे कुणी विचारायला आले की ते एवढंच म्हणत, "माझ्याच हातानं मारला. पानी घालून-घालून मारला."

शेवटच्या वेली उपटायला मी आणि आत्याबाई गेलो. मामंजी आले नाहीत. आता आत-बाहेर असं काही उरलंच नव्हतं, सगळीकडं सारखंच ऊन. आम्ही दोघी एकेक ओळ घेऊन चाललो होतो. वेली हाताला सहज येत होत्या, खाली त्यांना धरून ठेवणारं काही नव्हतं. माझी ओळ त्या शेवरीपाशी आली. मी थांबले.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मी खोटं बोलले. मी गेले होते मळ्यात. माझ्या दिवसांत."

त्यांचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय मला. तुझं पाऊल दिसलं होतं चिखलात. अंगठा बाहेर जातो तुझा."

"मंग बोलला कामून न्हाईत?"

"काय बोलू? मी बी जायची." त्यांनी एक वेल ओढली, माती झटकली. "पानं खुडायला मानूस नसलं की कोन जानार? तीस वर्सं गेले मी. कवा सांगितलं न्हाई. तवा न्हाई मेला मळा."

मी हातातली वेल खाली टाकली. "मंग मला विचारलंत कशाला?"

आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि घराकडं पाहिलं. ओसरीत खांबाशी एक पांढरं धोतर दिसत होतं, हलत नव्हतं.

"तू हाव म्हनली असतीस," त्या म्हणाल्या, "तर त्यास्नी सांगता आलं असतं. पोरीकडून चूक झाली, लहान हाय, समज न्हाई. रागावलं असतं चार दिस. मंग इसरलं असतं. आता ते सवताला खाऊन राहिलंय. कुनाचं तरी चुकलं असं कळलं ना, तर मानूस सुटतं गं. तू न्हाई म्हनलीस. मंग मी काय करू?"

मला त्यांचा राग आला. दयाही आली. दोन्ही एकदम येऊन कुणीच आधी दारातून आत येईना. माझ्यावर आळ घालायला ही बाई तयार होती, आपल्याला जे खरं वाटत नाही त्याचा आळ. आणि तो घातला नाही, माझ्या एका खोट्या शब्दावर थांबली. हे प्रेम होतं की अन्याय? ज्या कुणाला ते ठरवता येत असेल त्यानं ठरवावं. मला आजतागायत आलेलं नाही.

मी हाताची माती पदराला पुसली आणि घराकडं निघाले.

"कुठं निघालीस?" आत्याबाई मागून म्हणाल्या. "आता सांगून काय हुनार हाय?"

मला माहीत नव्हतं. मी जाऊन मामंजींसमोर उभी राहिले. सून सासऱ्यासमोर अशी उभी राहत नाही, आणि असल्या गोष्टी तर बोलतच नाही. माझे पाय मातीनं भरलेले होते. मी खाली बघून म्हणाले, "मामंजी, मी मळ्यात गेले होते. जायचं नसतं त्या दिवसांत. खालच्या कोपऱ्यातून शिरले आन वरच्या अंगाला जाऊन बसले. चिखलाच्या पायानं. दुपारी. तुम्ही कुंट्यावर गेलता तवा."

त्यांनी वर पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी कुणाकडं पाहिलं असेल. मी रागाची वाट बघत होते. आत्याबाई म्हणाल्या तसा तो यावा आणि ते सुटावेत, असं मला खरंच वाटत होतं. ते माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले, मग माझ्या पायांकडं.

"घरात लई तापत होतं का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"आत गार होतं?"

"हाव, मामंजी. लई गार होतं."

त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा. मग खांबाला हात लावून उठले आणि आत्याबाई एकट्या उपटत होत्या तिकडं, उन्हात, उरलेल्या वेली काढायला गेले.